डेटाबेस सर्व्हर उठतो आणि लगेच बसतो: दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या लहान ऑफिसांतून एक फोन ठरलेला असतो. रात्री वीज गेली, यूपीएसने थोडा वेळ दम धरला, सकाळी मशीन चालू केलं तर सगळं उघडतंय, फक्त बिलिंग उघडत नाही. "सर्व्हिस स्टार्ट केली की हिरवी होते आणि लगेच लाल होते, दादा." वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्यावरून फोन आला तर तो पहाटेच येतो, भाजीपाल्याचा व्यवहार उजाडायची वाट बघत नाही. अशा वेळी घाई होणारच. पण वीज गेल्यामुळे डेटा कायमचा गेला, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. तो जातो पुढच्या अर्ध्या तासात, कुणीतरी नेटवर वाचून एखादी फाइल उडवली की. म्हणून खाली दिलेल्या उपायांइतकाच त्यांचा क्रमही पाळा.

लेख मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दोन डेटाबेस सर्व्हरांबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत तेच जास्त दिसतात: उबुंटूच्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर, नाहीतर विंडोजवरच्या झॅम्पमध्ये (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज). कमांडी आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी थांबवा

लिनक्सवर सर्व्हिसा सांभाळणारं सिस्टमडी पडलेली सर्व्हिस बहुधा आपणहून पुन्हा उचलतं. ती पुन्हा पडते, पुन्हा उचलली जाते. या फेऱ्यांत दोन गोष्टी बिघडतात. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तोच मजकूर शेकडो वेळा येऊन मूळ कारण वर कुठेतरी गाडलं जातं, आणि डिस्क आजारी असेल तर प्रत्येक फेरीत तिच्यावर नव्याने ताण येतो. तेव्हा 'सिस्टमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएल' देऊन सर्व्हिस बंद करा. ऑफिसात कुणीतरी "एकदा मशीनच रिस्टार्ट मारून बघू का?" म्हणेलच. त्याला चहाला पाठवा.

थांबवण्याआधी एक खात्री मात्र करून घ्या: सर्व्हर खरंच पडतोय की काम करतोय? वीज गेल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला इनोडीबी (सर्व्हरच्या आतलं, डेटा साठवणारं इंजिन) क्रॅश रिकव्हरी करतं. रीडू लॉगमध्ये नोंदलेले, पण डेटा फाइलींत न पोहोचलेले बदल ते पुन्हा लावतं आणि अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतं. डेटा मोठा आणि डिस्क फिरती असेल तर याला बराच वेळ लागू शकतो. सिस्टमडीची सर्वसाधारण मुदत ९० सेकंदांची असते. काही पॅकेजांनी ती आपल्या सर्व्हिसपुरती काढून टाकली आहे, सगळ्यांनी नाही. मुदत संपली की सिस्टमडी चांगल्या चालत्या सर्व्हरला मारून टाकतं आणि आपल्याला वाटतं सर्व्हर क्रॅश झाला. 'जर्नलसीटीएल'मध्ये (सिस्टमडीचा स्वतःचा लॉग, म्हणजे जर्नल, दाखवणारी कमांड) 'टाइम्ड आऊट' असे शब्द दिसले तर हेच झालंय. 'सिस्टमसीटीएल एडिट'ने त्या सर्व्हिसची टाइमआऊट-स्टार्ट-सेक ही किंमत 'इन्फिनिटी' करा, सर्व्हिस सुरू करा आणि शांत बसा. डिस्कचा दिवा लुकलुकतोय आणि प्रोसेस जिवंत आहे, तोवर हात लावू नका.

मग प्रत काढा

सर्व्हिस बंद असताना अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. उबुंटूवर ते '/वार/लिब/मायएसक्यूएल' इथे असतं. 'सीपी'ला '-ए' लावा म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतात.

'अख्खं' म्हणजे खरंच अख्खं. गाळ्याच्या डेटाबेसच्या नावाचं एक फोल्डर उचललं आणि बॅकअप झाला, असं बरेच जण समजतात. इनोडीबीत तसं चालत नाही. टेबलाचा डेटा त्या फोल्डरमधल्या 'आयबीडी' फाइलीत असला, तरी त्याची ओळख आणि अर्धवट व्यवहारांचा हिशेब बाहेर असतो: आयबीडेटा-१, अनडू फाइली, रीडू लॉग आणि मायएसक्यूएल ८ मध्ये 'मायएसक्यूएल.आयबीडी'. रीडू लॉग जुन्या आवृत्त्यांत आयबी-लॉगफाइल-० आणि १ या नावांनी दिसतात, ८.०.३० पासून त्यांचं वेगळं फोल्डर झालं. हे सगळं एकाच क्षणाचं आणि एकत्र हवं.

पेनड्राइव्हवर घेत असाल तर दोन अडचणी येतात. एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही, आणि कॉपी अर्ध्यावर थांबल्याचं गडबडीत लक्षात येत नाही. शिवाय लिनक्सची मालकी त्यावर उतरत नाही. आधी 'टार' करून मगच हलवा, आणि एक्स-फॅट किंवा एनटीएफएस ड्राइव्ह वापरा.

कॉपी करतानाच 'इनपुट-आउटपुट एरर' आला तर डेटाबेस बाजूला ठेवा, आधी डिस्क वाचवायची आहे. 'डीमेसेज'मध्ये डिस्कच्या तक्रारी बघा, 'स्मार्टसीटीएल'ने तिची तब्येत बघा आणि 'डीडीरेस्क्यू'ने तिची प्रतिमा काढा. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा. मरणाऱ्या डिस्कवर डेटाबेस दुरुस्त करायला जाऊ नये.

लॉग वाचा, पण वरून

उबुंटूवर मायएसक्यूएलचा लॉग '/वार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग' इथे असतो, रेड हॅट घराण्यात '/वार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग'. विंडोजवर डेटा फोल्डरमध्येच मशीनच्या नावाची '.ईआरआर' फाइल असते आणि झॅम्पमध्ये 'मायएसक्यूएल_एरर.लॉग'. मारियाडीबीचा लॉग डेबियन-उबुंटूवर बहुतेकदा थेट जर्नलमध्ये जातो.

लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटच्या चार ओळींचा फोटो पाठवतात. त्यात 'अ‍ॅबॉर्टिंग' आणि 'शटडाऊन कम्प्लीट' एवढंच असतं. त्याचा काही उपयोग नाही. शेवटच्या प्रयत्नाची पहिली ओळ शोधा, म्हणजे जिथे आवृत्तीचा नंबर आणि 'स्टार्टिंग' असं येतं ती, आणि तिथून खाली वाचत या. पहिला 'एरर' लिहिलेला शेरा दिसेल तो महत्त्वाचा. त्याखालचे बहुतेक त्याचेच परिणाम असतात.

नेमकं काय लिहिलंय हे कळायच्या आधीच लॉग कसा संपतो त्यावरून बरंच कळतं. सर्व्हर नीट 'अ‍ॅबॉर्टिंग' म्हणून थांबला असेल तर त्याने स्वतः नकार दिलाय: कॉन्फिगरेशन, परवानगी, पोर्ट, डिस्क, आवृत्ती यांपैकी काहीतरी. अशा वेळी डेटा सहसा शाबूत असतो. 'गॉट सिग्नल ६' किंवा 'सिग्नल ११' लिहून खाली अगम्य आकड्यांची उतरंड असेल तर प्रोग्राम आतून कोसळलाय. ६ म्हणजे इनोडीबीने स्वतःच एखादी अशक्य गोष्ट पाहून हात वर केले, ११ म्हणजे मेमरीत भलतीकडे पाय पडला. खराब पानांची शंका इथे घ्यायची (इनोडीबी डेटा छोट्या ठोकळ्यांत ठेवतं, ती पानं). तिसरा प्रकार फसवा आहे: लॉग मध्येच तुटतो. काही एरर नाही, निरोप नाही. याचा अर्थ कुणीतरी बाहेरून सिग्नल ९ देऊन मारलं, आणि तो कुणीतरी बहुधा रॅम संपली की प्रोग्राम मारणारा लिनक्सचा ओओएम किलर असतो.

लॉगमध्ये 'ओएस एरर नंबर' दिसला तर काम आणखी सोपं. १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. २ म्हणजे फाइलच नाही. ११ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी फाइल धरून ठेवली आहे. ९८ म्हणजे पोर्ट आधीच कुणीतरी घेतलंय. विंडोजवर त्याचाच नंबर १००४८.

लॉग कोराच असेल तर सर्व्हर हाताने, समोरच्या टर्मिनलवर चालवून बघा. फक्त तो 'मायएसक्यूएल' या युजरच्या नावानेच चालवा. रूटने चालवला तर नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी सर्व्हिस एरर १३ देऊन पडते. एका बिघाडाचे दोन होतात.

डिस्क भरली आहे का

कारणांत हे सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात असाच प्रकार होता. सर्व्हर पडतोय, लॉगमध्ये २८. पण तिथला मुलगा रूटने लॉग-इन करून नवी फाइल बनवून दाखवत होता: "बघा, बनतेय की! जागा आहे." लॉग आणि मुलगा, दोघंही खरं बोलत होते. ईएक्सटी-४ फाइल सिस्टम सर्वसाधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. रूटला ती वापरता येते, 'मायएसक्यूएल' युजरला येत नाही. 'डीएफ -एच'मध्ये 'अव्हेल'खाली शून्य होतं, आणि खरं उत्तर तेच होतं. जागा कुणी खाल्ली होती? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर उतरत होतं. ते हलवलं आणि डेटाबेस पहिल्या प्रयत्नात उठला.

'डीएफ -आय'सुद्धा बघा. जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे एक लागणारी नोंद) संपलेले असू शकतात, विशेषतः त्याच मशीनवर पीएचपीच्या सेशन फाइली साठत असतील तर.

जागा करताना डेटा फोल्डरमधलं काही उडवू नका. 'लॉग' हा शब्द दिसला की बोट डिलीटकडे जातं. आयबी-लॉगफाइल आणि रीडू फोल्डर यांच्या नावात लॉग असला तरी तो तुमचा न उतरलेला डेटा आहे. बायनरी लॉगही (झालेल्या बदलांची नोंद, यालाच बिनलॉग म्हणतात) हाताने काढू नका. मायएसक्यूएल ८.० मध्ये ते आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठतात, म्हणून फुगतात. सर्व्हर उठल्यावर 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही कमांड ते रीतसर कमी करते. तोवर दुसरीकडून जागा काढा: जुने झिप, अपडेटची पॅकेजं, कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ. असतातच.

कुलूप, पोर्ट, परवानग्या, कॉन्फिगरेशन

'अनेबल टू लॉक आयबीडेटा-१, एरर ११' असं दिसलं तर दुसरा मायएसक्यूएलडी, म्हणजे सर्व्हरचाच प्रोग्राम, जिवंत आहे. 'पीएस'मध्ये शोधा. मघाच्या फेऱ्यांतला एखादा अडकलेला असतो, किंवा कुणीतरी डॉकरचा कंटेनर त्याच फोल्डरवर लावलेला असतो. एका डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर कधीही नकोत. पोर्ट ३३०६ अडलं असेल तर 'एसएस' किंवा विंडोजवर 'नेटस्टॅट'ने बघा. झॅम्पच्या बाबतीत बहुधा आधी कधीतरी वेगळा बसवलेला मायएसक्यूएल सापडतो.

डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि त्यानंतर एरर १३ येतोय, मालकी तर बरोबर आहे? मग कोणता प्रोग्राम कुठे हात लावू शकतो हे ठरवणारं संरक्षण, उबुंटूवर अ‍ॅपआर्मर आणि रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स, आडवं आलंय. 'डीमेसेज' किंवा ऑडिट लॉगमध्ये 'डिनाइड' दिसेल. नवी जागा अ‍ॅपआर्मरच्या स्थानिक प्रोफाइलमध्ये लिहा, किंवा 'सेमॅनेज' आणि 'रिस्टोअरकॉन'ने लेबल द्या. संरक्षण सरसकट बंद करून ठेवणं हा उपाय नाही, जरी नेटवर पहिला तोच सापडतो. मारियाडीबीची सर्व्हिस '/होम'खालचा डेटा बघूच शकत नाही, तिच्या सिस्टमडी फाइलीतच तसा बंदोबस्त आहे. डेटा तिथे ठेवू नका.

कॉन्फिगरेशनची चूक असेल तर लॉग 'अननोन व्हेरिएबल' म्हणून नावच सांगतो. मायएसक्यूएल ८.० ने क्वेरी कॅश काढून टाकली, त्यामुळे जुन्या फाइलीतली 'क्वेरी_कॅश_साइझ'ची ओळ सर्व्हर उठू देत नाही. एसक्यूएल मोडमधलं 'नो_ऑटो_क्रिएट_युजर' आणि ८.४ मध्ये 'डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन' हेही तसेच. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून 'मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग' सर्व्हर न उठवता फाइल तपासून देतं.

मेमरी

लॉग मध्येच तुटला असेल तर 'जर्नलसीटीएल -के' उघडून 'आऊट ऑफ मेमरी' शोधा. डॉकरमध्ये एक्झिट कोड १३७ आला तर तेच: १२८ अधिक ९. (१३९ म्हणजे ११ नंबरचा सिग्नल, १३४ म्हणजे ६.) कारण बहुतेकदा 'इनोडीबी_बफर_पूल_साइझ' असतो, म्हणजे डेटा रॅममध्ये धरून ठेवायला दिलेली जागा. मुळात तो १२८ एमबी असतो. कुणीतरी लेख वाचून रॅमच्या ८० टक्के करतो. तो सल्ला फक्त डेटाबेसला वाहिलेल्या मशीनसाठी असतो. तुमच्या ८ जीबीच्या डेस्कटॉपवर वेब सर्व्हर, टॅलीची रिमोट विंडो आणि क्रोमचे वीस टॅब असतील तर २ जीबीने सुरुवात करा.

आवृत्ती बदलल्यानंतर पडला तर

मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जाताना एक नेमका सापळा आहे. जुना सर्व्हर नीट बंद झाला नव्हता, आणि तशाच अवस्थेत नवी आवृत्ती बसवली. लॉग म्हणतो, क्रॅशनंतर अपग्रेड चालणार नाही. बरोबरच आहे, जुन्या रीडू लॉगमधलं काम जुन्याच आवृत्तीने पुरं करायला हवं. ५.७ पुन्हा बसवा, तिच्यावर डेटा उघडा, 'इनोडीबी_फास्ट_शटडाऊन' शून्य करून नीट बंद करा आणि मग ८.० लावा. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही.

उलटी वाट बंद आहे. ८.० ने एकदा उघडलेला डेटा ५.७ उघडत नाही. म्हणून मघाची प्रत.

विंडोजवरचा डेटा लिनक्सवर नेताना 'लोअर_केस_टेबल_नेम्स' (टेबलांच्या नावांत लहान-मोठी इंग्रजी अक्षरं कशी धरायची) वेगळं असल्याची तक्रार येते. मायएसक्यूएल ८ मध्ये ही किंमत डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होताना ठरते, नंतर बदलत नाही. फाइली नेण्याऐवजी विंडोजवर डम्प (सगळ्या डेटाची एसक्यूएलमधली मजकूर-प्रत) काढा आणि लिनक्सवर भरा.

पानं खरंच खराब असतील तर

इथपर्यंत काहीच सापडलं नाही आणि लॉगमध्ये 'डेटाबेस पेज करप्शन' किंवा चेकसम न जुळल्याचं लिहिलंय, तर आता खरं काम. बॅकअप ताजा असेल तर तो परत लावा आणि पुढचं वाचूही नका. कालचा बॅकअप आणि बिनलॉग दोन्ही हाताशी असतील तर मधला दिवसही भरून काढता येतो.

बॅकअप नसेल तर 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी' आहे. याला दुरुस्तीचं बटण समजू नका. यामुळे सर्व्हर काही कामं टाळून, कसाबसा उठतो, आणि तेवढ्या वेळात आपण डेटा बाहेर काढायचा असतो. कॉन्फिगरेशनमध्ये किंमत १ लिहून सुरू करा. १ ला सर्व्हर खराब पान दिसलं तरी पुढे जातो. २ ला पर्जसारखी (जुन्या नोंदींची साफसफाई) पडद्यामागची कामं थांबतात. उठल्यावर काही सेकंदांत पडणारा सर्व्हर इथे टिकतो. ३ ला अर्धवट व्यवहार मागे घेतले जात नाहीत. एकेक पायरीच चढा, उठला तिथे थांबा. ३ पर्यंत नुकसान साधारणपणे खराब पानांपुरतं राहतं. ४ पासून डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात, आणि ६ ला रीडू लॉगच वापरला जात नाही. थेट ६ लिहायला सांगणारे उपाय वाचलेत तर विसरा. ४ किंवा त्यापुढे जायचंच असेल तर दुसऱ्या मशीनवर, प्रतीच्याही प्रतीवर.

सर्व्हर उठला की 'मायएसक्यूएलडम्प' एकदम सगळ्यावर न चालवता टेबलागणिक चालवा. खराब टेबलाशी पोहोचला की सर्व्हर पुन्हा कोसळेल. निदान कोणतं टेबल ते कळेल. ते 'इग्नोर-टेबल'ने वगळा आणि बाकीचं बाहेर काढा. मग त्या एका टेबलाकडे वळा. प्रायमरी की बिल नंबर असेल तर १ ते १०,००० वाचा, मग पुढचे १०,०००. जिथे पडेल तिथे टप्पा निम्मा करत न्या. मग मागच्या बाजूने, मोठ्या नंबराकडून उलटं वाचत या. इनोडीबीचं एक पान साधारण १६ केबीचं असतं. एकच पान खराब असेल तर त्यात मावतील तेवढ्याच ओळी अडतात, अलीकडचं-पलीकडचं मिळतं. लॉगमध्ये प्रायमरी सोडून दुसऱ्या इंडेक्सचं नाव असेल तर नशीब चांगलं. ओळी प्रायमरीच्या वाटेने शाबूत निघतात.

हा डम्प नव्या, रिकाम्या डेटा फोल्डरवर भरा. जुन्याच फोल्डरवर फोर्स रिकव्हरी लावून रोजचं काम चालवता येत नाही. शून्यापेक्षा मोठी किंमत असताना इनोडीबी नवी नोंद घेतच नाही.

झॅम्पवाल्यांसाठी

लाल अक्षरांत 'मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली' येतं आणि खाली ब्लॉक झालेलं पोर्ट, नसलेली फाइल असे अंदाज दिलेले असतात. ते फक्त अंदाज आहेत, एरर लॉग उघडा. झॅम्पमध्ये खरं तर मारियाडीबी असतं आणि वीज गेल्यावर बऱ्याचदा त्याचं एरिया इंजिन (इनोडीबीसारखंच साठवणीचं दुसरं इंजिन) अडतं. लॉगमध्ये एरियाचं नाव दिसलं तर, प्रत काढून झाल्यावर, 'एरिया_सीएचके -आर' एरियाच्या इंडेक्स फाइलींवर चालवा आणि एरिया लॉगच्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. मारियाडीबी त्या नव्याने बनवतं. 'बॅकअप फोल्डर डेटावर कॉपी करा' हा उपाय सर्रास सांगतात. त्या फोल्डरमध्ये झॅम्प बसवतानाचा कोरा डेटा असतो, आणि जुनी आयबीडेटा-१ त्यासोबत परत आणली नाही तर टेबलांची नावं दिसतात, पण उघडत एकही नाही.

पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस सर्व्हर वापरणाऱ्यांना क्रम तोच. फक्त 'पीजी_वॉल' फोल्डरला (तिथला रीडू लॉग) हात नको. याचं जुनं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. साधे लॉग समजून लोक ते पुसायचे, म्हणून २०१७ च्या १० व्या आवृत्तीत नाव बदललं. 'पीजी_रीसेटवॉल' ही कमांड म्हणजे तिथलं फोर्स रिकव्हरी ६ आहे, त्याच भीतीने वापरा.

उठल्यावर

लगेच काउंटरवर सोडू नका. कॉन्फिगरेशनमधली फोर्स रिकव्हरीची ओळ काढली का बघा, 'मायएसक्यूएलचेक' चालवा, आणि ताजा डम्प काढून दुसऱ्या मशीनवर भरून बघा. 'इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट' १ आहे का तपासा. वेगासाठी कुणी २ केलं असेल तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाभराची बिलं जाऊ शकतात. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावा आणि यूपीएसवर नजर ठेवणारं 'नट' किंवा 'एपीसीयूपीएसडी' बसवा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत मशीन स्वतः नीट बंद होईल. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते.

शेवटी, कॅशियरला बोलवा. कालच्या शेवटच्या छापील बिलाचा नंबर आणि रक्कम स्क्रीनवरच्या शेवटच्या नोंदीशी जुळते का, ते त्याच्याकडूनच ताडून घ्या. मधली बिलं गायब असतील तर ती नवी बिलं फाटायच्या आत हाताने चढवा, कारण नंबर एकदा पुढे सरकला की जीएसटीच्या विवरणात तो खड्डा भरणं सर्व्हर उठवण्यापेक्षा अवघड जातं.